उलट दिशेला बघा

छापलेला कागद समोर आला की ह्यांचा हात आधी खिशातल्या लाल पेनाकडे जायचा. एकदा भाच्याच्या लग्नाची पत्रिका आली. तिच्यातल्या सात चुका दुरुस्त करून ह्यांनी ती टपालाने परत पाठवली आणि खाली लिहिलं, 'लग्नास येऊ. पत्रिका सुधारून घ्यावी.' भाचा वर्षभर बोलला नाही. ह्यांना त्याचं काही वाटलं नाही. "चुकीच्या मुहूर्तावर लग्न लावत नाहीत, मग चुकीच्या वेलांटीवर का लावतात?" एवढंच म्हणाले.

शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात हे छत्तीस वर्षं मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची प्रुफं, तपासत होते. खिळे जुळवण्याच्या काळात लागले आणि कॉम्प्युटर आल्यावरही टिकले. साठी उलटल्यावर रोज जाणं थांबलं, पण काम थांबलं नाही. दर सोमवारी वारज्याहून बसने जायचे आणि आठवड्याची मुद्रितं घेऊन यायचे. छापखान्याचे मालक ह्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्यांच्या आजोबांचं बाइंडिंगचं दुकान होतं, वडिलांनी त्याचा छापखाना केला. शुक्रवारी नमाजाहून आले की मालक दारातच बसायचे आणि गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्या काकांच्या हाताखालून गेलेलं पान डोळे झाकून छापा."

मी शाळेत मराठी शिकवायचे. माझी नोकरी संपल्यावर आम्ही दोघं मिळून मुद्रितं वाचायला लागलो. आम्हाला मूलबाळ नाही. सकाळचा चहा झाला की हे टेबलाशी बसत, समोर छापलेलं पान. मी खुर्चीत बसून लेखकाची मूळ प्रत मोठ्याने वाचायची, स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरणचिन्हांसकट. मध्येच हे म्हणायचे, "थांब." मी थांबायची. पेनाची खरखर ऐकू यायची. "हं, चल." पानामागे दोनतीन वेळा तरी 'थांब' यायचं.

ते कधी कमी झालं ते मला सांगता येणार नाही. एके दिवशी मी सलग चार पानं वाचून गेले आणि घसा कोरडा पडला म्हणून मान वर केली. तेव्हा लक्षात आलं की बराच वेळ कोणी थांबवलेलंच नाही. मला वाटलं, छापखान्यात कोणी चांगला टंकणारा आला असेल. पाणी प्यायला उठले आणि ह्यांच्या खांद्यावरून पाहिलं. मी वाचत होते त्या ओळीच्या तीन ओळी खाली ह्यांचं बोट होतं.

"अहो, आपण वर आहोत."

"माहीत आहे मला," म्हणाले आणि बोट वर घेतलं. चुकीच्या ओळीवर घेतलं.

पुढे हेच म्हणायला लागले की ओळ निसटते. एक ओळ संपवून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला यायचं तर नजर भलतीकडेच जाते. आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. चष्मा बदलला, सहा महिन्यांनी पुन्हा बदलला, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी डॉक्टर हसून म्हणाले, "काका, डोळे उत्तम आहेत. या डोळ्यांनी अजून वीस वर्षं काम कराल." त्या दिवशी येताना आम्ही बाहेर जेवलो. मी खूश होते. घरी आल्यावर ह्यांनी माझी शाळेतली पट्टी शोधून काढली आणि ती ओळीखाली धरून वाचायला लागले.

पट्टीनेही भागेना. आणि इथे मी जे केलं ते मला सांगितलंच पाहिजे.

जेवण झाल्यावर हे तासभर पडायचे. तेवढ्या वेळात मी त्यांची तपासलेली पानं काढायची आणि मूळ प्रतीशी पुन्हा ताडून बघायची. राहिलेल्या चुका त्यांच्याच लाल पेनाने, त्यांच्याच खुणांनी समासात मांडायची. त्यांचा 'र' थोडा डावीकडे झुकलेला असायचा, तोही मी उचलला. आमटीत मीठ कमी पडलं तर आपण गुपचूप घालतो, त्याचा डंका पिटत नाही, तसंच मला ते वाटायचं. आधी पानाला एखादी चूक असायची. मग पाच. मग मी वामकुक्षी कधी लागते याची वाट बघत बसायला लागले. असं दोन वर्षं चाललं.

ती दोन वर्षं हे समाधानात होते. सत्तरी झाली की काम बंद करायचं आणि छत्तीस वर्षांत जमवलेलं सगळं लिहून काढायचं, असं त्यांचं ठरलेलं होतं. मुद्रितशोधन कसं करावं, कोणत्या चुका डोळ्याला फसवतात, कोणत्या कानाने पकडाव्या लागतात, असं एक छोटं पुस्तक. नव्या मुलांना हे कोणी शिकवतच नाही, म्हणायचे. "घाई काय आहे? अजून नजर पक्की आहे." माझ्याकडे बघून म्हणायचे. मी मान हलवायची.

साताऱ्याला माझी बहीण पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. मला आठ दिवस जावं लागलं. त्या आठ दिवसांत छापखान्याकडून एक लहानशी पुस्तिका तपासायला आली होती. एका बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांची एकुलती एक मुलगी सव्विसाव्या वर्षी दीर्घ आजाराने गेली होती. वर्षश्राद्धाला वाटायला त्यांनी तिच्या आठवणींची पुस्तिका केली होती. त्यात मुलीच्या आईचा लेख होता. आईने लिहिलं होतं, 'ती गेली आणि आम्ही सुटलो, असं आम्हाला क्षणभरही वाटलं नाही.' टंकताना त्यातला उत्तरार्ध गळला. छापून आलं, 'ती गेली आणि आम्ही सुटलो.' पूर्णविरामासकट.

हे मला कळलं ते साताऱ्याहून परत आल्यावर तिसऱ्या दिवशी. सकाळी बेल वाजली. दारात एक साठीचे गृहस्थ होते. छापखान्यात पत्ता विचारून आले होते. मी त्यांना बसायला सांगितलं. त्यांनी पुस्तिका उघडून ह्यांच्यापुढे ठेवली.

"हे तुम्ही वाचलं होतंत?"

ह्यांनी चष्मा चढवला, पट्टी घेतली, पान वाचलं. "हो. माझ्या खुणा आहेत की मुद्रितावर. काही चुकलंय का?"

"मोठ्याने वाचता का जरा?"

ह्यांनी वाचलं. ह्यांचा आवाज चांगला होता. 'ती गेली आणि आम्ही सुटलो.' असं स्वच्छ वाचलं आणि पुढच्या वाक्यावर गेले. कुठे अडखळले नाहीत. परिच्छेद संपल्यावर मान वर करून त्या गृहस्थांकडे पाहिलं. बरोबर आहे ना, असं बघणं होतं ते.

त्यांनी पुस्तिका मिटून पिशवीत ठेवली. "आपण वयाने मोठे आहात. मी काय बोलणार." मी दारापर्यंत गेले. चपला घालताना ते खाली बघूनच मला म्हणाले, "दीडशे लोकांच्या हातात गेलं हे. बायको घराबाहेर पडत नाही. म्हणते, लोकांना वाटेल मी खरंच तसं लिहिलं."

दार लावून मी स्वयंपाकघरात गेले. बाहेरच्या खोलीतून ह्यांचा आवाज आला, "कोण होते गं ते? काय हवं होतं त्यांना?"

मी डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करून, लाज न ठेवता, पट्टीपासून पुस्तिकेपर्यंत सगळं सांगितलं. माझी दुपारची कारागिरी मात्र सांगितली नाही. त्यांनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं. ह्यांच्यासमोर दोन बोटं धरली आणि हललेल्या बोटाकडे न बघता दुसऱ्याकडे बघायला सांगितलं. तीनचार वेळा केलं. या वेळी हसले नाहीत. म्हणाले, "डोळे ठीकच आहेत. डोळ्यांना कुठे जायचं हे सांगणारं जे आहे, ते तपासून घेऊ." आणि मेंदूच्या डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी दिली.

त्या डॉक्टर तरुण होत्या. आत गेल्यावर म्हणाल्या, "या आजोबा, बसा."

"आजोबा नको. आम्हाला मूलच नाही," हे म्हणाले.

"बरं, काका."

आधी तोंडी परीक्षा झाली. वार, तारीख, शंभरातून सात वजा, मग त्यातून सात. ह्यांनी बहुतेक उत्तरं नीट दिली. सांगितलेल्या तीन शब्दांपैकी एक पाच मिनिटांनी आठवला नाही, तर म्हणाले, "तो शब्द मुळात अशुद्ध उच्चारला होतात तुम्ही." डॉक्टर हसल्या. मलाही वाटलं, आपण उगाच आलो.

मग शेजारच्या अंधाऱ्या खोलीत नेलं. हनुवटी टेकायला एक वाटीसारखं काही होतं, कपाळाला पट्टी. समोर पडदा आणि पडद्याखाली डोळ्यांवर रोखलेला छोटा कॅमेरा. मला मागे स्टुलावर बसू दिलं. पडद्याच्या मधोमध एक ठिपका होता. तो गेला की डावीकडे किंवा उजवीकडे दुसरा ठिपका यायचा. आधी त्या ठिपक्याकडे बघायचं होतं. ते झालं. मग डॉक्टर म्हणाल्या, "आता काका, नियम बदलला. ठिपका ज्या बाजूला येईल त्याच्या उलट दिशेला बघा. ठिपक्याकडे बघायचं नाही."

"समजलं."

"काय करायचं सांगा बघू?"

"डावीकडे आला तर उजवीकडे बघायचं. सोपं आहे."

त्यांना कळलं होतं. मी ग्वाही देते. पण डॉक्टरांच्या टेबलावर दुसरा पडदा होता, त्यावर ह्यांची नजर कुठे जाते ती रेघ उमटत होती आणि मला ती दिसत होती. ठिपका डावीकडे आला, रेघ डावीकडे गेली. उजवीकडे आला, उजवीकडे गेली. पुन्हा. पुन्हा. दोन वर्षं मी त्यांच्या मागून चुका पुसत आले होते. इथे माझ्या हातात पेन नव्हतं.

"जमलं?" संपल्यावर ह्यांनी विचारलं. "एखाददुसरी चूक झाली असेल."

डॉक्टरांनी मला विचारलं, "काकू, तुम्हीही बसता? तुमचं वयही जवळपास आहे, मला ताडून बघता येईल." मी बसले. तेव्हा कळलं की ते वाटतं तितकं सोपं नाही. ठिपका आला की नजर धावतेच. मीही चुकले. पण चुकले की त्याच क्षणी आतून कोणीतरी ओढल्यासारखी नजर परत फिरायची आणि उलट दिशेला जायची.

डॉक्टरांनी दोघांच्या रेघा शेजारी ठेवून दाखवल्या. "चुका सगळ्यांच्याच होतात. काकूंच्याही झाल्या. पण काकूंची रेघ बघा, चुकली की लगेच वळते. काकांची वळत नाही. चूक झाली हे कळतच नाही."

मुद्रितशोधकाला हे ऐकावं लागलं.

त्यांनी हेही सांगितलं की एवढ्यावरून निदान करता येत नाही. अशी तपासणी अजून सगळीकडे होतही नाही, आणि डोळ्यांच्या हालचालीत असा बिघाड दुसऱ्या कारणांनीही होऊ शकतो. मेंदूचं चित्र काढावं लागेल, रक्त तपासावं लागेल, स्मरणाच्या मोठ्या चाचण्या घ्याव्या लागतील. पण अल्झायमरमध्ये कधी कधी विसरभोळेपणा लक्षात यायच्या आधीच हे दिसायला लागतं, म्हणून त्या नोंद घेतात. मग त्यांनी कागद पुढे ओढला. "वाचताना चुका कधीपासून होतायत?"

"होतच नाहीत," हे म्हणाले. "हवं तर छापखान्यात विचारा. त्या पुस्तिकेचं काय झालं असेल ते असेल, पण गेल्या दोन वर्षांत माझ्या पानात चूक राहिली अशी एक तक्रार नाही. मेंदू बिघडलेल्या माणसाच्या हातून असं काम होईल का, तुम्हीच सांगा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. ह्यांनीही पाहिलं, मी दुजोरा द्यावा म्हणून.

"ती पानं मी पुन्हा तपासत होते," मी म्हणाले. "तुम्ही झोपल्यावर."

हे माझ्याकडे बघतच राहिले. मग समोरच्या कागदाकडे वळून डॉक्टरांना म्हणाले, "लिहून घ्या. दोन वर्षं."

रिक्षा कर्वेनगरला आली तेव्हा ह्यांनी विचारलं, "पानाला किती?"

"शेवटी शेवटी दहाबारा."

"आणि मी तुला सांगत होतो, नजर पक्की आहे."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटू द्यायचं होतंस," म्हणाले. "माझंच होतं ना ते."

पुढच्या तपासण्यांत तेच निघालं. मी डॉक्टरांना विचारलं, दोन वर्षांपूर्वी आलो असतो तर काय झालं असतं? त्या खरं बोलल्या. आजार थांबला नसता, म्हणाल्या, पण दोन वर्षं आधी कळलं असतं, तर काय करायचं ते काकांना स्वतः ठरवता आलं असतं. तेव्हा बरंच जमत होतं त्यांना.

दुसऱ्या दिवशी हे हट्टाने त्या गृहस्थांच्या घरी गेले. मी बरोबर होते. दारातच उभे राहून म्हणाले, "चूक माझी आहे. मला आजार निघालाय, पण तो सांगायला आलो नाही. चूक माझी आहे." गृहस्थांनी आत बोलावलं, पाणी दिलं. आतल्या खोलीचं दार बंद होतं. ते उघडलं नाही.

त्यानंतर माझ्याशी हे नऊ दिवस बोलले नाहीत. दहाव्या दिवशी सकाळी म्हणाले, "चहात आलं घातलंस वाटतं, छान झालाय." त्यांनी मला माफ केलं की रागावल्याचं विसरले, हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही.

त्याच सुमारास छापखान्याचे मालक घरी आले. पुस्तिकेतलं ते पान नव्याने छापून स्वतः घरोघर फिरून बदलून देत होते. माझ्याशी बोलायचं म्हणून गॅलरीत आले. म्हणाले, "काकू, एक सांगायचंय. काका सोमवारी यायचे तेव्हा तीच गोष्ट दोनदा विचारायचे. मला शंका आली होती. म्हणून वर्षभर मी त्यांची पानं गुपचूप एका निवृत्त प्राध्यापकांकडून पुन्हा वाचून घेत होतो. काकांना कळू नये म्हणून तुम्हालाही बोललो नाही."

"मग ही पुस्तिका?"

"प्राध्यापकांना कधी काही सापडायचंच नाही. एकेक पान स्वच्छ. मलाच लाज वाटली, आपण काकांवर संशय घेतो. म्हणून दोन महिन्यांपूर्वी ते बंद केलं."

मी त्यांना माझं सांगितलं. ते कठड्याला टेकले. म्हणाले, "म्हणजे आपण दोघांनी मिळून केलं हे." त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

ह्यांनी पुस्तक लिहायला घेतलं. रोज सकाळी टेबलाशी बसायचे. महिन्याभरात अकरा पानं झाली. मी ती वाचली. पहिली दोन पानं उत्तम होती. एकसारखी दिसणारी अक्षरं शेजारी आली की डोळा काय बघतो, कोणती चूक उलटं वाचल्याशिवाय सापडत नाही, असं कुठे वाचायला मिळणार नाही ते त्यांत होतं. तिसऱ्या पानावर पहिलंच पान पुन्हा सुरू झालं होतं. पाचव्यावर पुन्हा. पुढे वाक्यं अर्धी राहिली होती. या वेळी मी पेनाला हात लावला नाही. त्यांच्यासमोर पानं ठेवली आणि म्हणाले, "अहो, हे तेच तेच आलंय." त्यांनी बराच वेळ पानं चाळली. मग कपाट उघडून आत ठेवली आणि स्वतःच कुलूप लावलं. म्हणाले, "दोन वर्षं आधी बसायला हवं होतं." रागाने म्हणाले नाहीत. साधं म्हणाले.

त्यानंतर सहा वर्षं गेली. आधी वाचणं गेलं, मग अक्षरं गेली, मग मी. शेवटच्या वर्षी समोर कोण आलं, कोण गेलं याकडे नजर जायची नाही. भरवताना मी चमचा पुढे आणायची तेव्हा तो ओठाला लागेपर्यंत त्यांना दिसायचा नाही. गेले तेही दुपारी पडल्या पडल्याच. मी शेजारी भाजी निवडत होते.

आता मी एकटी असते. मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीची सभा झाली. तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी चिटणीस आहेत. साठीही झालेली नाही त्यांची. मागच्या सभेचा वृत्तांत वाचताना त्यांनी एक ओळ दोनदा वाचली, मग मधल्या दोन गाळल्या, आणि कशाचीच दखल न घेता पुढे गेले. लोक पार्किंगवरून भांडत होते, कोणाचं लक्ष नव्हतं. त्यांच्या बायकोचं होतं. तिने हळूच त्यांच्या कागदावर बोट टेकवलं.

मी दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेले. आडवळणाने बोलायला मला आता जमत नाही. सगळं सांगितलं. झाकू नकोस म्हणाले, तपासून घे, आणि त्यांना आधी सांग. ती ताठ झाली. "काकू, तुमच्याकडे झालं म्हणून सगळ्यांकडे होत नाही," म्हणाली आणि दारापर्यंत सोडायलाही आली नाही. तेव्हापासून मी लिफ्टमध्ये असले तर ती जिन्याने जाते.

तिचा राग मला कळतो. कदाचित तिचंच बरोबर असेल, त्यांना काही झालंही नसेल. पण मी पुन्हा जाणार आहे. या वेळी ते घरात असताना जाईन आणि त्यांच्याशीच बोलेन.